तीन पैशांचा रॉक : नंदू भेंडे आणि मराठी रंगभूमीवर आलेला परका ताल

वाद्यवृंदात ड्रमर सर्वांत मागे बसतो. प्रकाशझोत गायकावर असतो, टाळ्या गिटारवाल्याला मिळतात आणि ठेका धरणारा माणूस झांजांच्या आड अर्धा झाकलेला राहतो. असा माणूस उठून रंगमंचाच्या मध्यभागी आला आणि संवाद बोलू लागला, तर नेमके काय बदलते? आजचा धागा या प्रश्नावर आहे. सुरुवात लंडनची असली, तरी विषय आपल्याच रंगभूमीचा आहे.

डेव्हिड एसेक्स हा लंडनचा तरुण किशोरवयात एका लहानशा गटात ड्रम वाजवीत असे. १९७१ मध्ये ‘गॉडस्पेल’ या संगीतिकेत त्याने येशूची भूमिका केली आणि तो नट म्हणून ओळखला जाऊ लागला. जून १९७८ मध्ये लंडनच्या प्रिन्स एडवर्ड नाट्यगृहात ‘एविटा’ रंगभूमीवर आले. त्यातील ‘चे’ ही भूमिका एसेक्सचीच. हे पात्र कथेत असूनही कथेबाहेर उभे राहते आणि प्रेक्षकांकडे तोंड करून चाललेल्या घडामोडींची टवाळी करते. आपल्याकडे हे काम सूत्रधार करतो, नाहीतर सोंगाड्या.

नेमके त्याच वर्षी, १९७८ मध्ये, पुण्याच्या थिएटर ॲकॅडमीने ‘तीन पैशाचा तमाशा’ रंगभूमीवर आणले. लेखन पु. ल. देशपांडे यांचे, दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे. त्यातला गुन्हेगारांचा म्होरक्या अंकुश रंगवणारा तरुण मुंबईच्या रॉक मैफलींतून आलेला होता. त्याचे नाव नंदू भेंडे. तो ड्रमर नव्हता, गायक होता. मात्र ड्रम आणि विजेची गिटार यांच्यामुळे घडलेला गळा मराठी नाटकाच्या मध्यभागी आला, तो त्याच्या रूपाने.

संगीत नाटकाचा इतिहास शिकताना आपण किर्लोस्करांपासून निघतो, बालगंधर्वांपाशी रेंगाळतो, बोलपटांच्या आगमनाने हळहळतो आणि अभिषेकीबुवांपाशी येऊन थांबतो. १९७८ मधील हा प्रसंग त्या वाटेवर सहसा लागत नाही. लागलाच, तर ‘प्रयोगशील रंगभूमी’ या शीर्षकाखाली एका वाक्यात उरकला जातो. माझ्या मते त्याची जागा संगीत नाटकाच्या मुख्य प्रवाहातच आहे. तसे का वाटते, ते सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१८४३ मध्ये सांगलीस विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले, तेव्हा गाणारा आणि सोंग घेणारा हे दोघे वेगळे होते. पदे सूत्रधार म्हणे, त्याचे साथीदार त्याला साथ करीत आणि पात्रे येऊन प्रसंग वठवीत. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’ने ही फाळणी मोडली आणि पात्र स्वतःच गाऊ लागले. मराठी रंगभूमीवरील ही सर्वांत मोठी क्रांती असावी. गाणारा नट हवा म्हटल्यावर कंपन्या गळे शोधू लागल्या आणि गळा असलेल्याला अभिनय शिकवू लागल्या. मैफलीतला माणूस नाटकात येण्याचा राजमार्ग इथे तयार झाला.

वादक मात्र मागेच राहिले. गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष असत. यांच्यासारखे वादक आज मैफलीत बसले, तर त्यांच्याच नावाने तिकिटे खपतील. नाटकात ते साथीदार होते.

तमाशात ही रेषा इतकी ताठ कधीच नव्हती. आमच्या खान्देशात जत्रेचा फड पाहिलेल्या कोणालाही हे सांगावे लागणार नाही. ढोलकीवाला मागे बसत नाही, तो ढोलकी कमरेला बांधून उभा राहतो. नाचणारीच्या पायांशी त्याच्या बोटांची सवाल-जबाबी चालते. झीलकरी सूर धरता धरता मधेच सोंगाड्याच्या विनोदाला टेकू देतात, वगात पात्र कमी पडले तर पटका बांधून शिपाई किंवा प्रधान होतात. वाजवणारा, गाणारा आणि बोलणारा अशी तीन माणसे ठेवणे मोठ्या कंपनीला परवडते, बैलगाडीतून फिरणाऱ्या फडाला परवडत नाही. इथे कलेचे तत्त्व पोटाच्या हिशेबातून जन्मले आहे. एरंडोलहून अमळनेरला किंवा पुढे सारंगखेड्याच्या यात्रेला गेलात, तर आता ढोलकीशेजारी ऑक्टोपॅड आणि कीबोर्डही दिसतील. त्यावर नाके मुरडणाऱ्यांसाठी या धाग्यात पुढे एक परिच्छेद राखून ठेवला आहे.

आता नंदू भेंडे यांच्या घरात डोकावू. हा मुलगा रंगभूमीच्या कुशीत वाढला. वडील आत्माराम भेंडे हे इंडियन नॅशनल थिएटरच्या मराठी विभागाचे आधारस्तंभ. बबन प्रभू यांच्या ‘झोपी गेलेला जागा झाला’, ‘दिनूच्या सासूबाई राधाबाई’ या फार्सांनी महाराष्ट्राला हसवले, त्यात आत्माराम भेंडे यांचा वाटा फार मोठा. आई आशा भेंडे या पूर्वाश्रमीच्या लिली इझिकेल. बेने इस्राएल समाजातील ही स्त्री मराठी रंगभूमीवर अभिनेत्री म्हणून वावरली आणि त्याच वेळी लोकसंख्याशास्त्राची अभ्यासक म्हणून नावारूपाला आली. लोकसंख्येचा पेपर घेतलेल्या विद्यार्थ्यांच्या टेबलावर ‘भेंडे आणि कानिटकर’ हे जाडजूड इंग्रजी पाठ्यपुस्तक असतेच. त्यातल्या भेंडे म्हणजे याच. (ते पुस्तक पाठ करताना लेखिका रात्री नाटकाच्या तालमीला जात असतील, ही कल्पना माझ्या डोक्यात कधी आली नव्हती.)

म्हणजे घरात मराठी नाटक, इंग्रजी विद्या आणि दोन धर्मपरंपरा एकत्र नांदत होत्या. अशा घरातला मुलगा रॉककडे वळला, यात त्या काळच्या मुंबईत नवल नव्हते. साठच्या दशकाच्या अखेरीस मुंबई, कोलकाता, मद्रास, बंगळूर येथील महाविद्यालयांतून बीट गटांचे पेव फुटले होते. सिगारेट कंपनीने पुरस्कृत केलेल्या ‘सिमला बीट’ स्पर्धेतील निवडक गटांच्या तबकड्या १९७० आणि १९७१ मध्ये निघाल्या. आयातीवर कडक निर्बंध असल्याने चांगली गिटार किंवा ड्रमचा संच मिळवणे हा स्वतंत्र पराक्रम होता. कोणाचा मामा जहाजावर असे, कोणी देशी कारागिराकडून हुबेहूब वाद्य घडवून घेई. नंदू ज्या गटाचा गायक होता, त्याचे नाव ‘वेल्वेट फॉग’.

हे जग इंग्रजीत गाणारे होते. गिरगाव आणि धोबीतलाव यांच्यात चालत पार करता येईल एवढेच अंतर. पण एका बाजूला साहित्य संघाचे नाट्यगृह आणि दुसरीकडे महाविद्यालयीन रॉकच्या मैफली, या दोन ठिकाणचा श्रोता एकमेकांना क्वचितच भेटे. माझ्या दृष्टीने या कथेतली खरी दरी ही आहे. ती वाद्यांची कमी आणि वर्गाची अधिक.

१९७४ मध्ये अलेक पदमसी यांनी मुंबईत ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ ही रॉक संगीतिका उभी केली. अँड्र्यू लॉइड वेबर आणि टिम राइस यांची ही कृती १९७० मध्ये प्रथम ध्वनिमुद्रिका म्हणून आली, १९७१ मध्ये ब्रॉडवेवर पोचली आणि तीनच वर्षांत मुंबईत. (पुढे ‘एविटा’ लिहिणारी जोडी हीच.) येशूच्या भूमिकेत मद्रासकडून आलेले मधुकर चंद्र धस होते. ते ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ या गटाचे गायक. या गटाची १९७७ ची तबकडी आज परदेशी संग्राहक शोधत फिरतात. आणि ज्यूडासच्या भूमिकेत नंदू भेंडे.

या संगीतिकेत ज्यूडासचे काम येशूपेक्षा अवघड मानता येईल. पहिले मोठे गाणे त्याचे, शेवटचा सवालही त्याचाच. तो विश्वासघात करतो, पण त्यामागचे कारण त्याला पटलेले असते, आणि ते कारण प्रेक्षकाला पटावे लागते तेही गाण्यातूनच, कारण संवाद जवळजवळ नाहीतच. ‘रॉक गायक नट कसा झाला’ या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. मैफलीत गायक गाणे गातो, ते पुढच्या मैफलीत बदलले तरी चालते. इथे एकाच माणसाचा क्षोभ पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत चढवत न्यायचा होता. हे कसब संगीत नाटकातल्या गायक नटाचे आहे. भाषा इंग्रजी होती आणि साथीला ऑर्गनच्या ऐवजी गिटार होती, एवढाच फरक.

आता ‘तीन पैशाचा तमाशा’कडे येऊ. या नाटकाचा वंशवृक्ष लांबलचक आहे. १७२८ मध्ये जॉन गे याने लंडनमध्ये ‘द बेगर्स ऑपेरा’ लिहिले. श्रीमंतांच्या इटालियन संगीतनाट्याची टर उडवण्यासाठी त्याने चोर, भिकारी आणि वेश्या यांच्या तोंडी रस्त्यावरच्या लोकप्रिय चाली घातल्या. बरोबर दोनशे वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९२८ रोजी, बर्लिनमध्ये बर्टोल्ट ब्रेख्त आणि संगीतकार कुर्ट वाइल यांनी त्याचे नवे रूप सादर केले. एलिझाबेथ हाउप्टमान हिने केलेला जर्मन अनुवाद त्याच्या मुळाशी होता. तिचे नाव बहुतेकदा गाळले जाते, म्हणून मुद्दाम देत आहे. वाइलने मोठा वाद्यवृंद टाळून सात वादकांचा जाझ बँड घेतला आणि एकेका वादकाला कित्येक वाद्ये हाताळायला लावली. फडाच्या हिशेबाशी हे थोडे जुळते, नाही का? मुख्य गुन्हेगार मॅकहीथची भूमिका हॅराल्ड पाउल्सन याने केली. तो हलक्याफुलक्या संगीतनाट्यातला लोकप्रिय तारा होता. म्हणजे बर्लिनलाही हा खलनायक मैफलीच्या लोकप्रियतेतूनच उचलला होता.

रॉकलाही ब्रेख्त परका नव्हता. ब्रेख्त-वाइल यांचे दुसऱ्या एका कृतीतले गाणे ‘द डोअर्स’ या अमेरिकी गटाने १९६७ मधील आपल्या पहिल्याच तबकडीत गायले होते.

मराठीत ब्रेख्त येऊन तोवर काही वर्षे झाली होती. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘देवाजीने करुणा केली’, चिं. त्र्यं. खानोलकरांचे ‘अजब न्याय वर्तुळाचा’ ही दोन ठळक उदाहरणे. दुसऱ्याचे दिग्दर्शन विजया मेहता यांनी जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ यांच्या सहकार्याने केले होते. १९७२ च्या डिसेंबरात ‘घाशीराम कोतवाल’ आले, त्याच्या वादळातून थिएटर ॲकॅडमी जन्मली आणि जब्बार पटेल व संगीतकार भास्कर चंदावरकर यांनी गाणे-नाचणे हा नाटकाचा अलंकार नसून कणा असू शकतो, हे दाखवून दिले. पुलंनी त्याआधी शॉच्या ‘पिग्मॅलियन’ची ‘ती फुलराणी’ (१९७५) केली होतीच. उच्चारावरून माणसाची जात आणि वर्ग ओळखणारे ते नाटक. आता त्यांच्या हाती असे नाटक आले, ज्यात चालीवरून वर्ग ओळखता येणार होता.

‘तीन पैशाचा तमाशा’च्या संगीताशी चंदावरकर, आनंद मोडक आणि नंदू भेंडे ही तिन्ही नावे जोडलेली आहेत. त्यात नाट्यपदाचा बाज होता, लावणीचा होता आणि पाश्चात्त्य पॉप-रॉकचाही होता. माधुरी पुरंदरे यांची झुलन ज्या मातीतल्या सुरात बोले, त्याच मंचावर अंकुशचा सूर वेगळ्याच रस्त्याने येई. ही सरमिसळ गंमत म्हणून केलेली नव्हती. मुंबईचा सफाईदार गुंड, ज्याला पोलीसही दोस्त म्हणतात, तो कुठल्या सुरात गाईल? साकीत गायला तर तो विडंबन होईल. शुद्ध लावणीत गायला तर तो गावाकडचा दरोडेखोर वाटेल. महानगरातल्या नव्या पैशाचा, आयात केलेल्या कपड्यांचा आणि धोक्याच्या आकर्षणाचा सूर सत्तरच्या दशकात एकच होता. तो नंदूच्या गळ्यात तयार होता.

याहून महत्त्वाची गोष्ट उभे राहण्याची. ब्रेख्तचा आग्रह असे की संवादातून गाण्यात नकळत घसरू नये. गाणे सुरू होताना प्रकाश बदलावा, नट पुढे यावा आणि ‘आता मी गातो आहे’ हे लपवू नये. युरोपातल्या वास्तववादी नटाला हे मुद्दाम शिकवावे लागे. रॉक गायक ध्वनिक्षेपकासमोर येतो, पाय रोवतो आणि थेट प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाहून गातो, त्याला दुसरे काही येतच नाही. तमाशातला कलावंतही नेमका असाच पुढे येऊन उभा राहतो. बर्लिन, धोबीतलाव आणि सारंगखेडा या तीन ठिकाणच्या सवयी त्या मंचावर एकमेकींना ओळखल्यासारख्या भेटल्या. या प्रयोगाचे यश मी इथे मानतो. निव्वळ ‘मराठी नाटकात रॉक आणला’ या नवलाईत ते नाही.

आता तो राखून ठेवलेला परिच्छेद. एका चर्चासत्रात या विषयाचा उल्लेख केला, तेव्हा ‘हे आपले संगीत नव्हे’ असा शेरा ऐकावा लागला. आपले म्हणजे कोणते? बालगंधर्वांच्या पदांना साथ करणारा ऑर्गन युरोपातून आला. ज्या पेटीशिवाय नाट्यपदाची कल्पना करवत नाही, ती हार्मोनियमही तिकडचीच. लग्नाच्या वरातीत आमच्याकडे वाजणारा बँड, त्यातली क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि खांद्याला अडकवलेला साइड ड्रम, हे सारे पलटणींच्या बँडचे वारस. पण वरातीत नाचताना कोणी त्यांचे मूळ गाव विचारत नाही. परके वाद्य आपले व्हायला पन्नास-साठ वर्षे लागतात, एवढेच दिसते. मग ऑक्टोपॅडवर आताच निकाल देण्याची घाई कशाला? ढोलकीवाल्याची रोजी त्यामुळे बुडते ही तक्रार मात्र खरी आहे आणि ती वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

या पार्श्वभूमीवर १९६७ चे ‘कट्यार काळजात घुसली’ आठवून पाहा. त्यात खाँसाहेब रंगवणारे वसंतराव देशपांडे हेही मैफलीतून आलेले, तबल्याची उत्तम जाण असलेले आणि आयुष्याची बरीच वर्षे लष्करी लेखा खात्यात नोकरी केलेले गायक. तिथे दोन घराण्यांच्या गायकीतला भेद हाच नाटकाचा संघर्ष होता. अकरा वर्षांनी आलेल्या ‘तीन पैशाचा तमाशा’त संगीताच्या जातींमधला भेद हा समाजातला भेद दाखवतो. दोन्हीकडे गाणे काढून घेतले तर पात्र उरत नाही. पहिल्याला आपण संगीत नाटकाचा मुकुटमणी म्हणतो आणि दुसऱ्याला ‘प्रयोग’.

मग ही वाट पुढे का चालली नाही? मला दोन कारणे दिसतात. पहिले पैशाचे: मोठा संच, जिवंत वाद्यवृंद, ध्वनियंत्रणा आणि दिवसा नोकऱ्या करणारे हौशी कलावंत, एवढा संसार घेऊन गावोगाव फिरणे व्यावसायिक नाटकालाही जड जाते. दुसरे कारण म्हणजे अशा गळ्याला चित्रपट आणि दूरचित्रवाणीने अधिक नियमित काम दिले. १९८२ च्या ‘डिस्को डान्सर’मध्ये कृष्णाला धरतीवर बोलावणारे ते प्रसिद्ध गाणे नंदू भेंडे यांनीच गायले आहे. संगीत बप्पी लाहिरी यांचे. त्या चालीचे मूळ ‘टीलमन ब्रदर्स’ या इंडोनेशियन-डच गटाच्या गाण्यात आहे आणि त्या मूळ गाण्याचे नाव ‘जीझस’. येशूच्या नाटकात ज्यूडास झालेल्या माणसाने आठ वर्षांनी येशूच्या चालीवर कृष्णाला हाक मारली. हे कोणी कादंबरीत लिहिले असते, तर संपादकाने खोडले असते.

ते गाणे खेड्यापाड्यांत पोचले. ते गाणाऱ्याने अंकुश रंगवला होता, हे त्याच्याबरोबर पोचले नाही. पुढे त्यांनी अनेक मालिकांना संगीत दिले, ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ चालवला, रॉकच्या मैफलीही केल्या. रंगमंचावरचा नट मात्र सत्तरच्या दशकातच राहिला.

अभ्यासक म्हणून मला यातली एक गोष्ट अस्वस्थ करते. नाटकाची संहिता छापली जाते, दुकानात मिळते, तिच्यावर प्रबंध होतात. पु. ल. लेखक म्हणून जिवंत राहतात, पटेल दिग्दर्शक म्हणून. पण अंकुशने कोणते अक्षर ताणले, कुठे आवाज खरखरीत केला, ड्रमचा ठोका पडल्यावर किती वेळ गप्प उभा राहिला, हे संहितेत नसते. वादकांची नावे तर श्रेयनामावलीच्या शेवटी असतात आणि समीक्षक शेवटपर्यंत वाचत नाहीत. संगीत नाटकाचा आपला इतिहास कागदावरून लिहिला गेला आहे. म्हणूनच तो नाटककारांचा इतिहास झाला आहे.

नंदू भेंडे यांचे ११ एप्रिल २०१४ रोजी मुंबईत निधन झाले. वर्षही उलटले नव्हते, तोच फेब्रुवारी २०१५ मध्ये आत्माराम भेंडे गेले. ते नव्वदी ओलांडलेले होते.

एक विनंती. तुमच्या घरात कोणी ‘तीन पैशाचा तमाशा’चा तेव्हाचा प्रयोग पाहिला असेल, तर त्यांना नाटक कसे होते असे विचारू नका, ‘छान होते’ एवढेच उत्तर येईल. वादक कुठे बसले होते, प्रेक्षकांना दिसत होते की नाही, आणि अंकुश गायला उभा राहिला तेव्हा सभागृहात हसू आले, शिट्टी आली की शांतता, हे विचारा. मिळालेले उत्तर, गावाचे नाव आणि आठवत असल्यास वर्ष खाली लिहा. मी ते नोंदवून ठेवतो आहे.